महामारी आणि नवजात बालक

महामाऱ्यांचा इतिहास लिहिताना मृतांचे आकडे प्रथम सांगितले जातात. किती माणसे दगावली, कोणती शहरे ओस पडली, व्यापार किती बुडाला, हे सारे कोठे ना कोठे नोंदलेले सापडते. पण ज्या दिवशी एखाद्या शहरात साथीने थैमान घातले होते, त्याच दिवशी त्या शहरात मुलेही जन्माला येत होती. साथ आली म्हणून दुकान बंद ठेवता येते, परीक्षा लांबणीवर टाकता येते. बाळंतपण पुढे ढकलता येत नाही. अशा दिवसांत जन्मलेल्या बालकांना इस्पितळाने कसे वागविले, हा प्रश्न इतिहासाने बराच उशिरा विचारला.

प्रस्तुत लेखात १९१८ सालचा इन्फ्लुएंझा, १९८० नंतर पसरलेला एड्स आणि २०२० साली आलेला कोरोना या तीन महामाऱ्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असे कोणी समजू नये. ज्या घरात पाळणा हलतो त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे. शिवाय, भीतीच्या काळात माणसे निर्णय कसे घेतात आणि ते निर्णय पुढे ज्ञानाने कसे दुरुस्त होतात, हे विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. माणसाच्या आयुष्यातील सर्वात धोक्याचे दिवस म्हणजे जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस होत. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे २३ लाख बालके आपला पहिला महिनाही पुरा करू शकली नाहीत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग ही यांतील बहुतेक मृत्यूंची कारणे. यांवरचे उपाय फार महागडे असतात असेही नाही. ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात, जन्मताच श्वास सुरू करून देणारी कुशल सुईण किंवा परिचारिका आणि बाळ सुस्तावले तर ते वेळीच ओळखणारे कोणीतरी, एवढ्यावर पुष्कळ जीव वाचतात. महामारी आली की नेमक्या याच साखळीच्या कड्या एकेक करून तुटू लागतात.

काचेची पेटी आणि आईची कूस

इस्पितळात नवजात बालकाची वेगळी काळजी घेण्याची पद्धत तशी फार जुनी नाही. १८८० च्या सुमारास पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच ऊब अपुऱ्या दिवसांच्या बालकांना देता येईल अशी कल्पना त्यांना सुचली. पॅरिसच्या प्रसूतिगृहात अशा पेट्या आल्या आणि अशक्त बालकांचे मृत्यू घटले. आज आपल्याकडे ‘बाळाला पेटीत ठेवले आहे’ असे जे सहज बोलले जाते, त्याची सुरुवात तेथे झाली.

तार्निये यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी पुढे एक महत्त्वाची गोष्ट हेरली. पेटीत ठेवलेल्या बालकापासून आई दूर राहिली तर तिचे दूध आटते, बाळाविषयीची तिची ओढही क्षीण होते, आणि घरी गेल्यावर त्या बालकाची आबाळ होते. म्हणून आईला बाळाजवळ राहू द्यावे, तिनेच त्याला पाजावे, असा त्यांचा आग्रह होता.

विसाव्या शतकातील पाश्चात्य इस्पितळांनी हा सल्ला मानला नाही. त्या काळी प्रतिजैविक औषधे नव्हती. बालकांच्या वॉर्डात एकदा हगवण शिरली की ती एका पाळण्यावरून दुसऱ्या पाळण्यावर पसरत जाई. त्यामुळे बाळे एका खोलीत आणि आया दुसऱ्या खोलीत, अशी पद्धत रूढ झाली. ठरलेल्या वेळी परिचारिका बाळ आणून देई आणि पाजून झाले की परत नेई. बाप काचेतून पाहून जाई. संसर्गाची भीती खरी होती. पण भीतीपोटी केलेली व्यवस्था भीतीचे कारण ओसरल्यावरही कित्येक वर्षे तशीच चालू राहिली.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो एका गरीब देशातील इस्पितळाने. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोता येथे डॉ. एडगर रे यांच्या माता-बाल इस्पितळात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, एकेका पेटीत एकाहून अधिक बालके ठेवावी लागत आणि त्यांतून संसर्ग पसरे. तेव्हा डॉ. रे यांनी अपुऱ्या दिवसांची पण स्थिर प्रकृतीची बालके आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल अशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू हा प्राणी आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवितो, त्यावरून या पद्धतीला ‘कांगारू पद्धत’ असे नाव पडले. पुढे अनेक देशांत तिची कसोशीने पाहणी झाली. कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू या पद्धतीने सुमारे ४० टक्क्यांनी घटतात असे आढळून आले. यंत्र नाही म्हणून शोधलेली वाट अनेक ठिकाणी यंत्राइतकीच, किंबहुना त्याहून अधिक भरवशाची ठरली.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, पुढील प्रत्येक महामारीत हाच वाद पुन्हा उभा राहिला. बाळाला आईपासून दूर ठेवणे सुरक्षित, की आईजवळ ठेवणे सुरक्षित?

१९१८ : आईच गेली तर

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी आपल्या देशात हा वाद उद्भवलाच नाही, कारण बहुतेक बाळंतपणे घरीच होत. मुंबईत १८८६ साली कामा इस्पितळ उभे राहिले होते; परंतु सामान्य कुटुंबातील स्त्रीची प्रसूती म्हणजे घरातील अंधारी खोली आणि सुईण, असाच प्रकार होता.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. साथीची पहिली लाट त्या पावसाळ्यात येऊन गेली. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र महाभयंकर होती आणि रेल्वेच्या मार्गाने ती सारा देश व्यापून गेली. हिंदुस्थानात या साथीत एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसे मेली असावीत असे अभ्यासकांचे निरनिराळे अंदाज आहेत. १९११ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती. १९२१ साली ती २५ कोटी १३ लाख भरली. खानेसुमारीच्या इतिहासात दहा वर्षांत लोकसंख्या घटल्याचे हे एकच उदाहरण होय.

या साथीचा एक विशेष असा की, म्हातारे आणि तान्ही मुले यांच्याबरोबर तिने ऐन उमेदीतील, वीस ते चाळीस वर्षांच्या माणसांनाही मोठ्या प्रमाणावर ओढून नेले. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी तीच, अंगात रक्त कमी असलेलीही तीच. अमेरिकेत एका डॉक्टरांनी साथीत सापडलेल्या १३५० गर्भवती स्त्रियांच्या नोंदी १९१९ साली प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रिया मरण पावल्या होत्या, आणि ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांतील निम्म्या स्त्रियांचे गर्भ टिकले नव्हते.

तेव्हा १९१८ साली नवजात बालकावर आलेले संकट मुख्यतः आईच्या वाटेने आले. आई गेली की दूध गेले. निर्जंतुक केलेले वरचे दूध, स्वच्छ बाटली या गोष्टी त्या काळी मूठभरांच्याच आवाक्यात होत्या. एखादी शेजारीण किंवा नात्यातील ओली बाळंतीण पुढे आली तर ते मूल जगण्याची आशा असे. इस्पितळात त्यांच्यासाठी जागा नव्हती, म्हणून इस्पितळाच्या दप्तरात त्यांची नोंदही नाही. १९१९ साली देशातील जन्मांची संख्या खाली आली, एवढी खूण मात्र सरकारी कागदांत राहून गेली.

एड्स : दुधाचीच भीती

दुसरी महामारी आली ती निराळ्या रूपाने. एड्सचा विषाणू आईकडून बालकाकडे जाऊ शकतो, आणि तो आईच्या दुधातही असतो, हे १९८५ च्या सुमारास उघड झाले. अमेरिकेतील आरोग्य खात्याने त्याच वर्षी बाधित मातांना अंगावर पाजू नये असा सल्ला दिला. अमेरिकेत तो योग्यच होता, कारण तेथे घरोघरी नळाचे शुद्ध पाणी होते आणि दुधाची भुकटी सहज मिळत होती.

हाच सल्ला आफ्रिकेतील खेड्यांत गेला तेव्हा त्याचा अर्थ पालटला. ज्या घरी पाणी डबक्यातून किंवा दूरच्या नळावरून आणावे लागते, जेथे बाटली उकळण्यास सरपण नाही, तेथे भुकटीचे दूध हेच विष ठरू शकते. बोट्स्वाना देशाच्या सरकारने बाधित मातांना भुकटी मोफत पुरविण्याची चांगली व्यवस्था केली होती. परंतु २००६ च्या आरंभी तेथे अतिवृष्टी होऊन पाणी दूषित झाले, अतिसाराची साथ आली, आणि तिच्या तडाख्यात सापडलेल्या मुलांत आईचे दूध न मिळणारी मुलेच फार मोठ्या संख्येने होती.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे अशा एका डॉक्टरांचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. त्यांचे नाव डॉ. हुसेन कुवाडिया. त्यांचा जन्म १९४० साली दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरी, भारतीय वंशाच्या कुटुंबात झाला. गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटीत बिगरगोऱ्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या वाटा अरुंद होत्या. कुवाडिया वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईस आले आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होऊन मायदेशी परतले. तेथे ते बालरोगाचे प्राध्यापक झाले, वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीत उभे राहिले, आणि २००० साली दरबान येथे भरलेल्या जागतिक एड्स परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

दरबानमध्ये डॉ. ॲना कुत्सुदिस आणि डॉ. कुवाडिया यांनी १९९९ साली एक साधी पण डोळे उघडणारी गोष्ट मांडली. ज्या बाधित माता पहिले काही महिने बाळाला केवळ अंगावरचेच पाजत, त्यांच्या बाळांना होणारी लागण ही अंगावरचे आणि वरचे असे दोन्ही पाजणाऱ्या मातांच्या बाळांपेक्षा कमी होती. म्हणजे दूध की भुकटी असा प्रश्नच अपुरा होता. सर्वात वाईट परिणाम दोहोंच्या मिश्रणाचा होता. २००७ साली क्वाझुलु-नाताल प्रांतातील मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बालकांपैकी तीन महिन्यांत ६.१ टक्के दगावली होती. वरच्या दुधावरील बालकांपैकी १५.१ टक्के. ज्या रोगाच्या भीतीने दूध बंद केले, त्या रोगापेक्षा दूध बंद करणेच अधिक घातक ठरत होते.

पुढे विषाणूरोधक औषधे आली. आईने ती नियमित घेतल्यास दुधातून होणारी लागण फारच कमी करता येते. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपले धोरण त्याप्रमाणे बदलले. १९८५ पासून २०१० पर्यंत पंचवीस वर्षे लोटली होती.

२०२० : बंद दरवाजे

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही महामारी असल्याचे घोषित केले. या वेळेपर्यंत परिस्थिती १९१८ च्या अगदी उलट झाली होती. आपल्या देशात २००५-०६ साली शंभरातील सुमारे ३९ बाळंतपणे इस्पितळात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ च्या घरात पोहोचले. त्यामुळे इस्पितळाचा दरवाजा बंद झाला तर आता त्याचा फटका जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला बसणार होता.

दरवाजा दोन प्रकारे बंद झाला. पहिला प्रकार म्हणजे आई आणि बाळ यांच्यामधील दरवाजा. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधील तज्ज्ञांनी बाधित मातेचे बाळ चौदा दिवस वेगळे ठेवावे आणि अंगावर पाजू नये असा सल्ला दिला. रोग नवा होता, माहिती तुटपुंजी होती. तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. एप्रिलच्या आरंभी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तात्पुरत्या विभक्तीची शिफारस केली. याउलट इटलीत रुग्णांची रीघ लागलेली असतानाही तेथील नवजाततज्ज्ञांनी आईची प्रकृती बरी असेल तर तोंडाला मास्क बांधून, हात धुऊन तिनेच बाळाला सांभाळावे आणि पाजावे असे सुचविले. ब्रिटन आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे मतही असेच होते. एकाच महिन्यात, एकाच रोगासाठी, जगाच्या निरनिराळ्या भागांत बाळाच्या वाट्याला निरनिराळी पहिली रात्र येत होती.

मग पुरावा गोळा होऊ लागला. न्यूयॉर्कमधील तीन इस्पितळांत मार्च ते मे २०२० या काळात बाधित मातांची १२० बालके तपासली गेली. आईजवळच पण बंद पाळण्यात ठेवून, मास्क आणि हात धुणे हे नियम पाळून त्यांना अंगावर पाजू दिले होते. पहिल्या तपासणीत एकाही बालकास लागण झालेली नव्हती, आणि ज्यांची दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली त्यांतही कोणास लागण आढळली नाही. जुलै महिन्यात अमेरिकेच्या संघटनेने आपला सल्ला बदलला. एड्सच्या वेळी ज्याला पंचवीस वर्षे लागली ते या वेळी चार महिन्यांत झाले. हा फरक नोंदी ठेवण्याच्या आणि त्या जगाला तत्काळ खुल्या करण्याच्या पद्धतीने घडविला.

सगळीकडे मात्र असे घडले नाही. ६२ देशांतील ११२० आरोग्यसेवकांना विचारले असता, त्यांपैकी दोन तृतीयांशांनी सांगितले की बाधित किंवा संशयित मातेला बाळ छातीशी धरू देण्याचा प्रघात त्यांच्याकडे नाही. जवळजवळ चतुर्थांश ठिकाणी तर दूध पाजण्यासही मनाई होती. अमेरिकेतील २७७ नवजात अतिदक्षता कक्षांच्या पाहणीत असे दिसले की, आईबापांना रात्रंदिवस बाळाजवळ राहू देणारे कक्ष महामारीपूर्वी ८३ टक्के होते, ते ५३ टक्क्यांवर आले. श्रीमंत देशातही आईबाप पुन्हा काचेबाहेर गेले.

या मनाईची किंमत किती, याचा हिशेब २०२१ साली मांडण्यात आला. कांगारू पद्धत सर्वांना मिळाली तर सव्वा लाखाहून अधिक बालके वाचू शकतात. आणि आईजवळ ठेवल्यामुळे कोरोनाने दगावतील अशा बालकांचा अंदाज होता दोन हजारांच्या आत. त्याच वर्षी घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच इस्पितळांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. जन्मताच कांगारू पद्धत सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात असे त्यांत दिसले. भारतातील हे काम दिल्लीच्या सफदरजंग इस्पितळात झाले.

वाटेतच अडलेल्या माता

दुसरा दरवाजा इस्पितळाचा स्वतःचा. तो कित्येकदा उघडाच होता, पण तेथवर पोहोचणे अशक्य झाले होते.

याची पूर्वसूचना पश्चिम आफ्रिकेने दिलेली होती. २०१४-१५ च्या इबोला साथीत सिएरा लिओन देशातील स्त्रियांनी इस्पितळांकडे पाठ फिरविली. साथीच्या भीतीने आणि सेवा विस्कळीत झाल्याने तेथे माता, नवजात बालके आणि मृतजन्म मिळून किमान ३६०० जादा मृत्यू झाले असा अंदाज आहे. खुद्द इबोलाने त्या देशात घेतलेल्या बळींच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. हा धडा जगाने पुरेसा गिरविला नव्हता.

नेपाळमध्ये मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली. तेथील नऊ इस्पितळांत आधीपासून प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवली जात होती, म्हणून बदल नेमका मोजता आला. टाळेबंदीपूर्वी आठवड्यास सरासरी १२६१ बाळंतपणे होत. ती ६५१ वर आली. दर हजार जन्मांमागे मृतजन्म १४ होते ते २१ झाले. इस्पितळात दगावणारी नवजात बालके हजारी १३ होती ती ४० झाली. प्रसूतीच्या वेळी बाळाचे ठोके तपासण्याचे काम ढिले पडले. हात धुण्याची सवय तेवढी सुधारली. उशिरा, अडलेल्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले असणार, हे यांतील काही वाढीचे कारण असू शकते. पण उशीर होणे हीच तर खरी दुर्घटना होती. आणि ज्या सहाशे स्त्रिया दर आठवड्यास आल्याच नाहीत, त्यांच्या बाळांची मोजदाद या आकड्यांत नाही.

केनियात रात्रीची संचारबंदी लागू झाली. बाळंतकळा संध्याकाळ पाहून येत नाहीत. रस्त्यावर वाहन नाही आणि बाहेर पडावे तर पोलिसांची भीती, अशी नैरोबीतील स्त्रियांची कोंडी झाली. तेव्हा डॉ. जेमायमा करिउकी या तरुण डॉक्टरांच्या पुढाकाराने ‘व्हील्स फॉर लाइफ’ ही सेवा सुरू झाली. अडलेल्या स्त्रीने दूरध्वनी करावा, डॉक्टरांनी सल्ला द्यावा, आणि गरज असल्यास टॅक्सी किंवा रुग्णवाहिका मोफत दाराशी यावी, अशी तिची योजना होती. यात नवे यंत्र कोणतेच नव्हते.

याच काळात उलट दिशेचीही एक नोंद झाली. डेन्मार्क, आयर्लंड अशा देशांत टाळेबंदीत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे २६ देशांतील पाच कोटींहून अधिक जन्मांची छाननी केली असता पहिल्या तीन महिन्यांत अशी घट तीन ते चार टक्के दिसली. कामाची दगदग, हवेतील धूर आणि इतर संसर्ग कमी झाल्याने असे घडले असावे असा तर्क आहे. म्हणजे एकाच टाळेबंदीने कोठे बाळे वाचविली, तर कोठे त्यांचा रस्ता अडविला. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्यावर महामारीच्या काळात मृतजन्म आणि मातामृत्यू दोन्ही वाढल्याचे दिसले, आणि त्याचा भार गरीब प्रदेशांवर अधिक पडला.

आपल्याकडे

महाराष्ट्रात एकोणीस इस्पितळांनी मिळून बाधित गर्भवतींची नोंदवही ठेवली. पहिल्या लाटेतील ४२०३ स्त्रियांच्या नोंदी तीत आहेत. त्यांना ३२१३ जिवंत बालके झाली. ३४ माता मात्र वाचू शकल्या नाहीत. देशातील वीस केंद्रांतील नवजाततज्ज्ञांच्या नोंदींवरून असे दिसले की, बाधित मातांच्या दर शंभर बालकांपैकी नऊ-दहा बालकांस लागण झाली, त्यांतील बहुतेकांस कोणतेच लक्षण नव्हते, आणि लागणीचा दूध पाजण्याशी संबंध आढळला नाही. आईजवळ ठेवलेल्या बालकांत लागण किंचित अधिक होती, हेही त्याच नोंदींत प्रामाणिकपणे सांगितलेले आहे. धोका नव्हताच असे नव्हे. पण तो थोडा होता, आणि ताटातुटीचा धोका त्याहून मोठा होता. सुजाण वैद्यकाने असाच तोल पाहावयाचा असतो.

या तोलासाठी लागणारे ज्ञान आपल्या मातीतही तयार झालेले आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. ज्या बाळाला आईचे दूध मिळू शकत नाही त्याला दुसऱ्या मातेचे, तपासून निर्जंतुक केलेले दूध देण्याची सोय तीत झाली. १९१८ साली जे काम शेजारणीच्या दयेवर अवलंबून होते, त्याची ही शास्त्रशुद्ध व्यवस्था म्हणावयास हरकत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत बसविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्याच धर्तीवर आज देशभर आशा सेविका बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन आणि ताप पाहतात. महामारीत याच सेविकांना रुग्णशोधाच्या कामाला जुंपले गेले. तरीही अनेक ठिकाणी बाळंतिणीच्या दाराशी येणारी पहिली व्यक्ती तीच होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला तो उगाच नव्हे.

पालकांस आणि विद्यार्थ्यांस

एवढ्या विवेचनावरून काही गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, साथीच्या दिवसांत ऐकीव गोष्टीवरून बाळाचे दूध तोडू नये, आणि बाळंतपणाला इस्पितळात जाणे भीतीने टाळू नये. आईला ताप असला तरी काय करावे हे डॉक्टरांना विचारावे. जवळ राहण्याचा मार्ग आहे काय, असे स्पष्ट विचारण्याचा कुटुंबाला अधिकार आहे. घरातील वडील मंडळींचा शब्द अशा वेळी फार चालतो, म्हणून ही माहिती सासू-सासऱ्यांनाही असावयास हवी. गाडी कोणाची, रात्री कोणाला हाक मारावयाची, जवळचे इस्पितळ भरले असेल तर दुसरे कोणते, हे नववा महिना लागण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. दरबानचा एक मुलगा शिकण्यासाठी समुद्र ओलांडून मुंबईस आला, आणि परत जाऊन त्याने जे शोधले त्याने आफ्रिकेतील असंख्य माता-बालकांची ताटातूट टळली. नेपाळमधील परिचारिकांनी रोजच्या रोज नोंदवही भरली नसती तर टाळेबंदीत तेथे काय घडले हे जगाला कधी कळले नसते. यांत नशिबाचा भाग थोडा आणि अभ्यासाचा मोठा आहे. आपल्या मुलींपैकी काहींनी परिचर्या आणि प्रसूतिविद्या शिकावी, काहींनी डॉक्टर व्हावे, आणि ज्यांना गणित आवडते अशा मुला-मुलींनी संख्याशास्त्राकडे वळावे. परिचारिकेच्या कामाकडे कमीपणाने पाहण्याची वृत्ती कोठे शिल्लक असेल तर तिने आता रजा घ्यावी.

पुढची महामारी केव्हा येईल हे सांगता येणार नाही. ती येईल त्या रात्रीही मुले जन्माला येतील. त्या वेळी प्रसूतिगृहात जी परिचारिका हजर असेल आणि ज्या डॉक्टरला दरवाजा उघडा ठेवावा की बंद, याचा निर्णय करावा लागेल, ती मुले-मुली आज कोठल्या तरी शाळेत सहावी-सातवीच्या वर्गात बसलेली आहेत. त्यांना चांगले शास्त्र शिकवावे, हे पालकांचे आणि शिक्षकांचे काम होय.